ब्रिटनचा शिक्षक व्हिसा मिळाला. आता शाळा बदलता येते का?

समजा, तुम्ही अंबरनाथ-बदलापूरच्या शाळेत शिकवता आणि ब्रिटनचा 'स्किल्ड वर्कर' व्हिसा मंजूर झालाय. इतक्यात तिथल्या दुसऱ्या शाळेने जास्त पगार देऊ केला. त्याच व्हिसावर तिथे रुजू होता येईल?

नाही. हा व्हिसा तुम्हाला प्रायोजित करणाऱ्या शाळेशी जोडलेला असतो. नव्या शाळेकडे प्रायोजक परवाना हवा आणि तिने नवं 'सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप' द्यायला हवं. मग पुन्हा अर्ज, पुन्हा शुल्क.

ब्रिटनमध्ये पोहोचल्यावर शाळा बदलायची असेल, तर अर्जाचा निर्णय येईपर्यंत नवी नोकरी सुरू करता येत नाही. आधीच नोकरी सोडली, तर शाळा ते सरकारला कळवते. त्यानंतर साधारण ६० दिवसांत नवा अर्ज करावा लागतो, नाहीतर देश सोडावा लागतो. त्यामुळे आधी नवी मंजुरी, मगच जुन्या शाळेचा निरोप.