ओळखीची चाल, हक्काचे शब्द

एप्रिल उजाडला की परंडा, भूम, वाशी, बार्शी या सगळ्या पट्ट्यात भीमगीतं घुमू लागतात. आंबेडकर जयंतीची वर्गणी निघते, मिरवणुकीचा मार्ग ठरतो, स्पीकरच्या भिंती उभ्या राहतात. आवाज किती असावा यावर दरवर्षी वाद झडतो. गाण्यात काय आहे, यावर क्वचितच कुणी बोलतं. अमेरिकेत काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्यातल्या गाण्यांवर ग्रंथ आहेत, विद्यापीठांत अभ्यासक्रम आहेत. आपली गाणी त्याच तोलामोलाची आहेत, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो.

तिकडचं सोल संगीत चर्चमधून आलं. रविवारच्या प्रार्थनेत एकाने ओळ टाकायची आणि सगळ्या सभेने ती उचलायची, ही त्याची मूळ रीत. १९५४ मध्ये गायक रे चार्ल्सने भजनाच्या चालीवर प्रेमाचे शब्द बसवले, तेव्हा चर्चच्या मंडळींना ते मुळीच रुचलं नाही. पण त्या चालीची ताकद आता चर्चबाहेर आली होती. सॅम कुकही असाच भजनी मेळ्यातून आलेला, पुढे देशभर नावाजलेला गायक. ऑक्टोबर १९६३ मध्ये लुइझियानातल्या श्रीव्हपोर्ट शहरातल्या हॉटेलात त्याला खोली नाकारली गेली. तो भांडला, तर पोलिसांनी त्यालाच अटक केली. ‘अ चेंज इज गॉना कम’ या गाण्यामागे तो अपमान आहे. जानेवारी १९६४ मध्ये ते ध्वनिमुद्रित झालं. डिसेंबरमध्ये त्याची स्वतंत्र तबकडी बाजारात आली, तेव्हा सॅम कुकचा गोळी लागून मृत्यू होऊन जेमतेम काही दिवस झाले होते.

ओळखीच्या साच्यात नवा आशय भरण्याचं हे काम आपल्याकडे जलशाने त्याच्या कितीतरी आधी केलं. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेतला आणि आतला माल बदलला. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी नाशिककडे आंबेडकरी जलसा उभा केला. ढोलकी तीच, तुणतुणं तेच. पण गणातली गणपतीची स्तुती गेली, गौळणीतली छेडछाड गेली. वगात शिकलेला तरुण आणि दैवाला चिकटून बसलेला म्हातारा समोरासमोर उभे राहिले. मेलेली जनावरं ओढू नका, पोराला शाळेत घाला, वतनाच्या तुकड्यासाठी गावकी करू नका, ही शिकवण अक्षरओळख नसलेल्या माणसाच्याही कानावाटे आत उतरली. याच वतनाच्या प्रश्नावर फेब्रुवारी १९४१ मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्यात महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब स्वतः तिथे आले.

वामनदादा कर्डक याच परंपरेतले. जन्म १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. मुंबईत गिरणीत कामाला असताना कुणीतरी त्यांच्याकडे पत्र वाचायला आणलं आणि त्यांना ते वाचता येईना. ती लाज त्यांना इतकी झोंबली की दुकानांच्या पाट्या वाचत ते अक्षरं शिकले. १९४३ मध्ये त्यांनी पहिलं गाणं रचलं, तेही एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर. चाल उसनी म्हणून या गाण्यांना नाक मुरडणाऱ्यांनी रे चार्ल्सकडे पाहावं. लोकांच्या ओठांवर आधीच असलेली चाल घेतली की नवा विचार शिकवायला वेगळी शाळा लागत नाही. मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे विठ्ठलाची गाणी ज्या गळ्याने गात, त्याच गळ्याने भीमगीतं गात. वामनदादा आणि ते, दोघेही २००४ मध्ये, महिनाभराच्या अंतराने गेले.

बायकांचा वाटा मात्र कुणी मोजतच नाही. गी पॉइट्व्हाँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात १९९६ मध्ये माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्या आहेत, आणि त्यांत बाबासाहेब आहेत. जात्याचा खुंटा धरून दळता दळता ही गाणी झाली. ओवीत बाबासाहेब घरचा माणूस होतात. नातं आधी जुळतं, विचार मागून येतो. शाहिराच्या आवेशापेक्षा मला ही ओवी जास्त खोल वाटते.

मराठवाड्याला लढ्याचं गाणं खऱ्या अर्थाने लागलं ते नामांतरात. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगावी दलित वस्त्या जाळल्या गेल्या. १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे लाँग मार्च निघाला. माजलगाव तालुक्यातले आत्माराम साळवे हे त्या काळाचे शाहीर. तरुणपणाची सगळी वर्षं त्यांनी याच गाण्याला दिली, आणि १९९१ मध्ये ते गेले. विद्यापीठाचा नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. ज्या दिवसासाठी गायले, तो दिवस त्यांनी पाहिला नाही.

संतांप्रमाणे वामनदादाही शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफतात. ते कडवं गाळलं की कवीही गळतो. म्हणून परंड्याच्या मंडळांना एकच विनंती. यंदा गाणं लावाल तेव्हा कवीचं नाव आधी सांगा आणि शेवटचं कडवं पूर्ण वाजू द्या. वस्तीतल्या जुन्या गायकांच्या गाण्याच्या वह्या कुठल्या ट्रंकेत पडल्या आहेत ते विचारा, त्यांच्या पानांचे फोटो काढून ठेवा. ज्या आजींना जात्यावरच्या ओव्या येतात, त्यांच्यासमोर मोबाईल धरून बसा आणि गाव, वर्ष, नाव त्यांच्याच तोंडून नोंदवून घ्या. हे काम जयंतीपर्यंतही लांबवू नका.