उलटा पंख

पेरणीआधी शेतात पाळी घालताना कुळव ढेकळांवरून नुसताच उड्या मारू लागला, की वडील मला त्यावर बसवीत. मग फास जमिनीत रुते, पण बैलांना ओढ जास्त लागे. मोटारशर्यतींविषयी वाचताना मला हा कुळव हटकून आठवला.

शर्यतीच्या मोटारीचे दुखणे हेच आहे. वळणावर चाकांनी रस्ता घट्ट धरावा म्हणून वजन वाढवावे, तर तेच वजन गाडीला वळणाबाहेर ओढते. विमानाचा पंख हवेच्या जोराने विमान वर उचलतो. तोच उलटा बसवला तर गाडी खाली दाबली जाते, आणि वजन मात्र जवळजवळ तेवढेच राहते! अर्थात फुकट काही मिळत नाही. सरळ रस्त्यावर हाच पंख हवा अडवून वेग खातो.

मायकेल मे या तरुण स्विस अभियंत्याने १९५६ साली आपल्या पोर्शेवर असा पंख लावून ती न्युर्बुर्गरिंगला नेली. मागच्या चालकांना पुढचे दिसणार नाही, या सबबीवर संयोजकांनी तो काढायला लावला. अमेरिकेत जिम हॉलने १९६६ मध्ये उंच खांबांवर हलता पंख उभारला. सरळ रस्त्यावर चालकाने पायाने पेडल दाबले की तो आडवा होई. १९६८ मध्ये हे पंख फॉर्म्युला वनमध्ये आले. लोटसने तर ते बारीक खांबांवर, थेट चाकांच्या आधारांवरच टेकवले.

हे मी घरी सांगितले तेव्हा वडिलांनी एकच विचारले, "आन् पंख मोडला तर रं?"

४ मे १९६९ रोजी बार्सिलोनात नेमके तेच झाले. उंचवट्यावरून जाताना ग्रॅहम हिलचा पंख मोडला. काही फेऱ्यांनंतर तिथेच, शर्यतीत आघाडीवर असलेल्या योखेन रिंटचाही मोडला. पंख गेला की पकडही एकदम जाते. रिंटच्या चेहऱ्याला जबर इजा झाली. पंखांवर बंदी घाला, असे त्याने जाहीर पत्र लिहिले. पुढच्याच मोनॅको शर्यतीच्या सरावात उंच पंख बंद झाले. नंतर ठेंगणे, न हलणारे पंख चालू लागले. मागचा हलता पंख नियमांत बसून परत यायला २०११ उजाडले.

माझ्या मते बंदी योग्यच होती, पण ती दोन गाड्या मोडल्यावर सुचली.

सप्टेंबर १९७० मध्ये मोंझाच्या सरावात वेग वाढावा म्हणून रिंटच्या गाडीचे पंख काढले होते. ब्रेकचा दांडा तुटला, असे मानतात. त्या अपघातात तो गेला. त्या वर्षीचे जगज्जेतेपद मरणोत्तर त्यालाच मिळाले.