झिजलेला सुकाणूस्तंभ : फियाट ११०० व पद्मिनी मोटारींच्या दुरुस्तीविषयी

'सुकाणू' हा शब्द मराठीत अरबी नाविकांच्या भाषेतून आला. गलबताची दिशा ठरविणारे ते साधन परिभाषाकारांनी मोटारीवर बसविले. परंतु कारखान्यातील कारागिराने त्याचा स्वीकार केला नाही. त्याच्या तोंडी 'स्टेअरिंग'च राहिले. मात्र वायसर, आटे, पाना हे शब्द त्याच्या बोलण्यात इतके मुरले आहेत की त्यांतील कोणता घरचा आणि कोणता बाहेरचा हे सांगण्यासाठी कोश उघडावा लागतो. झिजलेल्या स्तंभाविषयी तो 'प्ले आला' असे म्हणतो. या दोन शब्दांत किमान चार निरनिराळे दोष सामावतात, आणि दुरुस्ती फसते ती बहुधा येथेच.

उदाहरण फियाट ११०० चे घेणे सोयीचे आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात ही मोटार तयार होत असे. १९७४ पासून ती 'पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळीपिवळी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. आता उरलेल्या गाड्या हौशी मालकांकडे आहेत. कारखान्याचे उत्पादन कधीच थांबले असल्याने सुटा भाग बाजारात मिळेल या भरवशावर राहता येत नाही. पुष्कळदा तो घडवूनच घ्यावा लागतो.

या मोटारीत सुकाणूचक्राखालील नळीतून एक पोलादी दंड जातो. दंडाच्या तळाशी वर्म, म्हणजे मळसूत्री दातांचा भाग असून तो पेटीत बंदिस्त असतो. पेटीतून बाहेर आलेल्या आडव्या दंडावर एक भुजा बसविलेली असते. ती सांध्यांच्या सळ्यांमार्फत पुढील चाके वळविते. गिअरची दांडीही याच स्तंभावर असते. त्यामुळे पुढील आसन सलग ठेवता आले व चालकाशेजारी दोन माणसे बसू शकली. मात्र दोन यंत्रणांची झीज एकाच ठिकाणी एकत्र आली. चक्र डुगडुगते म्हणून तक्रार घेऊन आलेल्या गाडीत प्रत्यक्षात गिअरदांडीचे बुश गेलेले असणे मुळीच दुर्मिळ नाही.

म्हणून प्रथम दोषाचे स्थान निश्चित केले पाहिजे. चक्र हातांनी वर-खाली व आजूबाजूस हलवून पाहावे. ते नळीत कलत असेल तर वरचा बुश झिजला आहे. नंतर एकाने चक्र थोडे थोडे डावी-उजवीकडे फिरवावे व दुसऱ्याने गाडीखालून पाहावे. दंड फिरतो पण भुजा थांबते, असे असल्यास दोष पेटीत. भुजा फिरते व चाक थांबते, असे असल्यास तो सळ्यांच्या सांध्यांत. चक्राचा व्यास ४० सेंटिमीटर धरला, तर परिघावरील २५ मिलिमीटर सैलपणा म्हणजे सुमारे ७ अंश होतात. तेवढे चक्र फिरेपर्यंत गाडीला चालकाची इच्छा कळतच नाही.

बुशाची दुरुस्ती तुलनेने सरळ आहे. जुना बुश काढून फॉस्फर ब्राँझचा नवा बुश लेथवर कातून घ्यावा, नळीत दाबून बसवावा आणि बसविल्यानंतरच रीमरने आतील भोक अंतिम मापास आणावे; कारण दाबून बसविताना भोक किंचित आकसते. दंड व बुश यांत दंडाच्या व्यासाच्या सुमारे एक सहस्रांश इतके अंतर पुरे, म्हणजे २० मिलिमीटरच्या दंडास ०.०२ मिलिमीटर. दंडावरच चर पडले असतील तर तो बारीक घासून गोल करावा व बुश त्या नव्या मापाचा करावा. उलट क्रम अनेक ठिकाणी चालतो, पण त्याला दुरुस्ती म्हणणे कठीण आहे : ओबडधोबड दंडावर नवा बुश चढविला की तो थोड्याच दिवसांत पुन्हा पोखरला जातो.

पेटीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मोटार बहुतांश वेळ सरळ धावते. म्हणून वर्मचा मधला भाग सर्वाधिक झिजतो व टोकांचे दाते जवळजवळ नवे राहतात. सैलपणा घालविण्यासाठी समायोजनाचा स्क्रू मध्यस्थितीत आवळत नेला की मध्यावर सर्व ठीक वाटते. परंतु वळणावर न झिजलेले दाते एकमेकांत रुतू लागतात, चक्र जड होते व वळण संपल्यावर आपोआप परत येत नाही. सैल सुकाणूपेक्षा हे अधिक घातक होय, कारण सैलपणाची चालकास सवय तरी झालेली असते. पुढील चाके जॅकने उचलून चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे आणि कोठेही अडत नाही तेथपर्यंतच स्क्रू आवळावा. एवढ्याने मध्यावरचा खेळ पुरेसा कमी होत नसेल, तर वर्म व त्याचा जोडीदार दातेरी भाग हे दोन्ही एकत्रच बदलले पाहिजेत. एकमेकांच्या सान्निध्यात झिजलेल्या जोडीतील एकच भाग नवा घातल्यास दोघांचेही नुकसान होते.

चक्र किंवा भुजा दंडावर ज्या खाचांनी बसते त्या खाचा गेल्या असतील तर वेल्डिंगचा मोह टाळावा. उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते, आणि वेल्डलगतची चीर बाहेरून दिसत नाही. पत्र्याचे अंग जोडण्यात जे कसब शोभते ते येथे निषिद्ध समजावे. असा भाग नवाच घडवावा किंवा दुसऱ्या गाडीतून तपासून घ्यावा.

गिअरदांडीच्या टोकांस मात्र नायलॉनचे बुश चालतात. ते आवाज शोषतात, स्वस्त पडतात, आणि झिजले तरी जीवितास धोका नसतो. जोडणीच्या अखेरीस पेटीतील गिअर तेलाची पातळी पाहावी व तेल गळू नये म्हणून आडव्या दंडाचे सील नवे घालावे. जुन्या पद्मिनींच्या पेट्या कोरड्या आढळतात त्या सील फाटल्यामुळे. आणि गळती थांबावी म्हणून तेलाऐवजी ग्रीस ठासणारे कारागीर अद्याप पुष्कळ आहेत. ग्रीस दात्यांनी एकदा बाजूस सारले की ते पुन्हा वाहून त्या जागी येत नाही, आणि वर्म कोरडाच फिरत राहतो.