वहीतले दोन आकडे

अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातल्या आमच्या उर्दू-मराठी शाळांत मुलांची उंची आणि वजन दरवर्षी मोजतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा तपासणीला येते. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. आकडे नोंदवहीत जातात, प्रगतिपुस्तकावरही लिहितात. पण अब्बू गुण पाहतात, सही करतात आणि पुस्तक परत पाठवतात.

आपल्याला काळजी बारीक मुलाची वाटते, आणि ती रास्तच आहे. अंगाने भरलेले मूल दिसले की मात्र दादी ‘माशाअल्लाह’ म्हणते. वजनाची गोष्ट काढली तर ‘नजर लावू नका’ हे ठरलेले उत्तर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात पाच वर्षांखालच्या, प्रमाणापेक्षा जास्त वजनाच्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाले.

हिशेब घरीही करता येतो. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. दहा वर्षांचा मुलगा, उंची १.३५ मीटर, वजन ४० किलो. उत्तर सुमारे २२. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात या वयाच्या मुलासाठी १८.५ च्या वर जादा वजन, २१.४ च्या वर लठ्ठपणा. वय बदलले की मर्यादा बदलते, मुलींची वेगळी असते. म्हणून मोठ्यांचा तक्ता मुलांना लावू नये. एका वर्षाच्या आकड्यापेक्षा तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले तर जास्त कळते.

कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त मीठ, साखर, तेलाचे पदार्थ विकू नयेत, असा २०२० चा नियम आहे. पाच रुपयांची पाकिटे तरी दप्तरात येतातच. शाळा, शिकवणी, संध्याकाळी अरबीचा वर्ग, मग मोबाईल. खेळायला वेळ कुठे? मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली की तिची सायकलही बंद होते. हे आम्हाला पाकिटांपेक्षा जास्त खटकते.

वजन वर्गात मोठ्याने वाचू नये, घरी ‘मोटू’ म्हणू नये. वाढत्या मुलाला उपाशीही ठेवायचे नाही. पुढच्या पालकसभेत वर्गशिक्षकांकडून मागच्या वर्षांचे आकडे मागून घ्या. शंका वाटली तर तपासणी पथकाला सांगा. तिथून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते, आणि त्याचे पैसे लागत नाहीत.