ट्रॅक्टरची नाडीपरीक्षा

सुरत शहराच्या आग्नेय भागातील गोडादरा, लिंबायत, डिंडोली या वस्त्यांतून जाताना मराठी आणि अहिराणी बोल सहज कानी पडतात. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून तापीच्या खोऱ्यातील लोहमार्गाने आलेली कितीतरी कुटुंबे येथे कापडाच्या व्यवसायात स्थिरावली आहेत. तथापि त्यांतील पुष्कळांची गावाकडील शेती सुटलेली नाही. एक भाऊ मागावर आणि दुसरा शेतावर, अशी संसाराची वाटणी अनेक घरांतून आढळते. म्हणूनच मृगाचा पाऊस पडून जमिनीला वापसा आला असता, ऐन पेरणीच्या घाईत खानदेशातील शेतात ट्रॅक्टर बंद पडला, तर त्याची चिंता गोडादऱ्यातील खोलीपर्यंत येऊन पोचते.

अशा एखाद्या पहाटेची कल्पना करावी. गावाहून धाकट्या भावाचा दूरध्वनी येतो : “भाऊ, ट्रॅक्टर चालूच होत नाही. मिस्त्री म्हणतो, पंप खोलावा लागेल.” थोरला काही ट्रॅक्टरचा जाणकार नव्हे, परंतु यंत्रमागापाशी त्याच्या आयुष्याची वीस वर्षे गेलेली आहेत. तो घाबरून न जाता विचारतो : “सेल्फ मारल्यावर इंजिन जोरात फिरते का? धुराड्यातून धूर येतो का? आणि बंद पडण्याआधी काय काय झाले?”

या तीन साध्या प्रश्नांत यंत्राच्या रोगनिदानाचे बहुतेक मर्म आले. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. अशा वेळी अनुभवी विणकर मोटार उघडीत बसत नाही. तो प्रथम धागा पाहतो. ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र पुष्कळदा उलटे घडते. यंत्र थांबले की पाने हाती घेतले जातात, जो भाग महाग तोच दोषी ठरतो, आणि तो बदलूनही यंत्र चालत नाही, तेव्हा ‘आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला’ या म्हणीची आठवण होते. पैसा जातो तो जातोच. पण त्याहून मोलाचा वापसा निघून जातो. तो कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

निदान करण्यासाठी इंजिनाचे मूळ तत्त्व ध्यानी घ्यावे लागते. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली यशस्वी करून दाखविलेल्या या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. सिलिंडरात ओढलेली हवा दट्ट्या दाबून तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सोळाव्या-सतराव्या हिश्शावर आणतो. या दाबाने हवा ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते. त्या तप्त हवेत नोझलमधून डिझेलचा अतिसूक्ष्म फवारा उडतो आणि आपोआप पेटतो. याचा अर्थ असा की, इंजिनाला पुरेशा वेगाने फिरवणारी शक्ती हवी, स्वच्छ हवा आणि तिच्यावर पुरा दाब हवा, आणि वेळेवर उडणारा शुद्ध डिझेलचा फवारा हवा. या तिहींपैकी काय उणे पडले, एवढेच शोधावयाचे असते.

प्रथम फिरण्याचा प्रश्न घेऊ. किल्ली फिरवूनही इंजिन हलत नसेल, तर दोष बहुधा विजेच्या मार्गात असतो. त्याची परीक्षा पुढचे दिवे लावून करावी. सेल्फ मारताच दिवे अगदी मंद झाले, तर बॅटरी उतरलेली असते किंवा टोकांचे सांधे सैल असतात. दिवे पूर्ण विझून पुन्हा लागले, तर टोकांवर जमलेला पांढरा-हिरवट क्षार प्रथम खरवडून काढावा. दिवे तेजस्वी राहिले आणि आवाजही झाला नाही, तर वीज स्टार्टरपर्यंत पोचतच नाही असे समजावे, आणि किल्लीचा स्विच, फ्यूज व तारा तपासाव्यात. अनेक ट्रॅक्टरांत क्लच पूर्ण दाबल्याखेरीज किंवा गिअर मोकळा असल्याखेरीज वीज पुढे जाऊ न देणारा संरक्षक स्विच असतो. तोही विसरू नये. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असता, इंजिन बंद असताना, सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असता हाच आकडा १४ च्या आसपास गेला पाहिजे. तो वाढत नसेल, तर दोष बॅटरीचा नसून तिला वीज पुरवणाऱ्या अल्टरनेटरचा किंवा त्याच्या ढिल्या पट्ट्याचा असतो. अशा वेळी नवी बॅटरी घेतली, तर तीही चार दिवसांत उतरते.

दुसरा प्रकार म्हणजे इंजिन जोरात फिरते, पण पेट घेत नाही. येथे धुराड्याकडे पाहावे. धूर मुळीच येत नसेल, तर डिझेल सिलिंडरात पोचत नाही. पांढरा धूर येत असेल, तर ते पोचते, पण जळत नाही. तेव्हा थंडी, कमी पडणारा दाब किंवा फवाऱ्याची चुकलेली वेळ यांचा विचार करावा. डिझेल पोचत नसेल, तर टाकीपासून एकेक पायरी पुढे जावे. टाकीत डिझेल आहे काय? तोटी उघडी आहे काय? इंजिन बंद करण्याची दांडी ओढलेलीच राहिली नाही ना? ‘काखेत कळसा आणि गावाला वळसा’ ही गत या शेवटच्या प्रश्नाने कितीदा तरी टळते.

टाकी कोरडी पडली किंवा फिल्टर बदलला की नळ्यांत हवा शिरते. हवा दाबली जाते, डिझेल दाबले जात नाही. म्हणून पंपाचा जोर त्या बुडबुड्यातच विरतो आणि नोझल उघडत नाही. यालाच इंजिनाने ‘हवा धरली’ असे म्हणतात. फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू थोडा सैल करून हातपंप चालवला, की प्रथम फेस येतो आणि मग डिझेलची स्वच्छ धार लागते. धार लागताच स्क्रू आवळावा आणि तीच कृती पुढे पंपावरील स्क्रूपाशी करावी. दहा मिनिटांचे हे काम ज्याला येते, त्याचा पंप विनाकारण उघडला जात नाही.

तिसरा प्रकार अधिक फसवा असतो. इंजिन चालते, पण नांगर किंवा रोटाव्हेटर ओढताना दमते. येथे धुराचा रंग उपयोगी पडतो. काळा धूर म्हणजे डिझेल अधिक किंवा हवा कमी. यात एअर फिल्टर प्रथम पाहावा. मळणीच्या भुशात आणि उन्हाळी नांगरटीच्या धुळीत तो झपाट्याने भरतो. तेलाच्या वाटीचा फिल्टर असेल, तर वाटीतील गाळ काढून खुणेपर्यंत नवे तेल घालावे. निळसर धूर म्हणजे इंजिनाचे ऑइलच जळत आहे. रिंगा आणि सिलिंडर झिजल्याची ही सूचना असू शकते. या दोन धुरांत एक नाते आहे. फिल्टरची आबाळ झाली, त्याची जाळी फाटली किंवा त्याची नळी सैल राहिली, की धूळ आत शिरते, आणि आज न पुसलेली धूळ दोन-तीन हंगामांनी निळा धूर होऊन बाहेर पडते. तेव्हा मात्र सारे इंजिन उतरवावे लागते.

इंजिन तापत असेल, तर रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कचरा, पंख्याचा ढिला पट्टा आणि पाण्याची पातळी या क्रमाने तपासावे. गरम रेडिएटरचे झाकण कदापि उघडू नये. आतील उकळते पाणी उसळून तोंडावर येते. आणि ऑइलच्या दाबाचा काटा खाली आला किंवा तांबडा दिवा लागला, तर ‘एवढे तास संपवू’ असे न म्हणता त्याच जागी इंजिन बंद करावे. त्या अर्ध्या तासापायी क्रँकचे बेअरिंग जळून जाते.

यंत्राच्या हानीहून मोठी हानी माणसाची. किल्लीने सेल्फ लागत नाही म्हणून जमिनीवर उभे राहून स्क्रू-ड्रायव्हरने स्टार्टरची दोन टोके जोडण्याची रीत अनेक गावांत रूढ आहे. या रीतीने संरक्षक स्विच निरुपयोगी होतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल, तर तो चालू होताक्षणी पुढे सरकतो आणि मागचे चाक त्या माणसाच्या अंगावरून जाते. तसेच फुटक्या नळीतून उडणारी डिझेलची बारीक धार हाताने चाचपू नये. ती कातडी भेदून मांसात शिरते. गळती शोधण्यास पुठ्ठ्याचा तुकडा पुरेसा असतो. बॅटरीपाशी काडी ओढू नये, आणि तिच्या तारा सोडवताना सांगाड्याला जोडलेली तार आधी काढून ती सर्वांत शेवटी जोडावी.

ही विद्या आपल्याकडे फार जुनी नाही. मध्य प्रदेशातील बुदनी येथे ट्रॅक्टर-प्रशिक्षणाचे केंद्र १९५५ साली उभे राहिले. १९५९ साली फरिदाबादच्या कारखान्यातून आयशरचा पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. १९६३ साली महिंद्र कंपनी एका अमेरिकी कारखान्याच्या भागीदारीने या धंद्यात उतरली. त्या पिढीच्या यंत्रांवर गावोगावचे मिस्त्री तयार झाले. कोणता सिलिंडर काम करीत नाही हे ओळखण्यासाठी ते मंद गतीवर एकेका नोझलच्या नळीची चाकी सैल करीत. जी सैल करूनही इंजिनाचा आवाज बदलत नाही, तो सिलिंडर आजारी.

आता काळ बदलला आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना धुराविषयीचे कडक नियम लागू झाले, आणि अशा अनेक यंत्रांत डिझेलचा फवारा संगणकाच्या आज्ञेने उडू लागला. त्यांच्या नळ्यांतील दाब वातावरणाच्या हजारपटीहूनही अधिक असतो. तेथे चाकी सैल करण्याची जुनी युक्ती जिवावर बेतेल. दोषाचा सांकेतिक आकडा वाचण्यास वेगळे उपकरण लागते, आणि ते ज्याच्या हाती, त्याच्या दारी शेतकऱ्याला जावे लागते. या अडचणीची दखल सरकारनेही घेतली आहे. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये जे संकेतस्थळ उघडले, त्यात शेतीच्या अवजारांचा समावेश आहे. परंतु उपकरणाने दाखविलेला आकडा हेही एक लक्षणच होय. ‘डिझेलचा दाब कमी’ असे तो सांगतो; दाब फिल्टर तुंबल्याने कमी झाला की नळी गळल्याने, हे माणसालाच पाहावे लागते. जुन्या युक्त्या मागे पडल्या, तरी तपासाचा क्रम बदललेला नाही.

आता पहाटेच्या त्या दूरध्वनीकडे पुन्हा वळू. धाकटा सांगतो : “सेल्फ जोरात फिरतो, भाऊ. धूर मात्र अजिबात नाही. काल संध्याकाळी बांधाच्या उतारावर उभा केला होता, डिझेल तळाला गेलेले. सकाळी डबा ओतला.” थोरल्याने ट्रॅक्टर पाहिलेला नाही, तरी उत्तर त्याच्या ध्यानी येते. उतारावर तळाचे डिझेल एका बाजूला गेले आणि नळीने हवा ओढली. “मिस्त्रीला म्हणावे, पंपाला हात लावण्याआधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हवा काढून बघा.”

थोड्या वेळाने फेस येतो, मग धार लागते, इंजिन दोनदा अडखळून सुरू होते. मिस्त्रीला त्याच्या श्रमाचे पैसे मिळतात, पंप जागच्या जागी राहतो, आणि सूर्य वर येण्याआधी पेरणीचे पहिले तास सुरू होते. धाकट्याने मात्र एक गोष्ट करावी. घरातील एखाद्या जुन्या वहीत आजची तारीख, दिसलेली लक्षणे आणि सापडलेले कारण लिहून ठेवावे. ऑइल व फिल्टर कोणत्या तासाला बदलले, तेही खाली नोंदवावे. पुढच्या मृगात ट्रॅक्टर पुन्हा अडला, तर पाना शोधण्यापूर्वी ती वही उघडता येईल.