मिटल्या डोळ्यांपुढची नक्षी

नांदगाव खंडेश्वरहून यवतमाळकडे जाताना कडेच्या झाडांआडून ऊन भराभर लुकलुकत असेल, तर बसच्या खिडकीशी डोळे मिटून बसलेल्यालाही रंगीत चौकटी, भोवरे दिसू शकतात. १९५८ साली फ्रान्समध्ये चित्रकार ब्रायन गायसिनला बसमध्ये हेच दिसलं.

नक्षी बाहेर नसतेच!

सेकंदाला साधारण दहादा उजेड लुकलुकला की मेंदूच्या मागच्या भागातलं दृष्टिकेंद्र त्या तालावर चालू लागतं. मेस्कलिनसारखी भास घडवणारी द्रव्यं मात्र मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या ग्राहींवर काम करतात. वाट वेगळी, तरी जाळ्या, बोगदे, सर्पिलं तशीच. मानसशास्त्रज्ञ हाइनरिश क्ल्यूव्हरने १९२८ मध्ये ती वर्णिली.

हा खेळ मात्र नव्हे. १९९७ साली ‘पोकेमॉन’ या कार्टून मालिकेतल्या लाल-निळ्या लखलखाटाने जपानमध्ये शेकडो मुलं रुग्णालयात पोचली. अशा लखलखाटाने फिट येणाऱ्यांनी वरातीतल्या लुकलुकत्या दिव्यांपासून लांबच राहावं.