तेल काळं पडलं, म्हणजे इंजिन गेलं?

दीड-दोन लाख किलोमीटर धावलेल्या गाडीची डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) ओढली, की काळंकुट्ट तेल दिसतं आणि मालकाच्या पोटात गोळा येतो. रंगावरून मात्र फारसं कळत नाही. तेलातले डिस्पर्संट (काजळी सुटी धरून ठेवणारे घटक) आपलं काम करत असतात. कपडे भिजवलेलं पाणी काळं झालं, म्हणजे साबण वाया गेला असं आपण म्हणतो का? डिझेल इंजिनात तर नवं तेलही लवकरच काळं होतं.

खरं कळतं ते तेलतपासणीतून. प्रयोगशाळेत तेलातले धातू पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) मोजतात. लोह वाढलं तर सिलिंडर किंवा कॅमची झीज, शिसं-तांबं वाढलं तर बेअरिंगची शंका. सिलिकॉन बहुधा एअर फिल्टरमधून शिरलेली धूळ. सोडियम-पोटॅशियम चढलं, तर तेलात कूलंट उतरतंय का, ते आधी पाहावं.

एका अहवालावर मात्र निकाल लावू नये. १०,००० किलोमीटर चाललेल्या तेलात ५,००० वाल्यापेक्षा लोह जास्त असणारच. शिवाय नेहमीच्या चाचणीत मोठे कण निसटतात. नमुना इंजिन गरम असताना, पहिली धार सोडून घ्यावा.